गोदेचं कासव

(दहावी १९८५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजेल, अशी धमकीही दिली आहे. शाळेत असताना घंटेची वाट आपण बघायचो, आज ती माझ्यावर उलटली आहे. विषय 'कासव' आहे असं कळल्यावर दोघा-तिघांनी ससा-कासवाची गोष्ट सांगणार का, असं विचारलं. ती गोष्ट बाईंनी आपल्याला पहिलीतच सांगितली होती. बाई समोरच बसल्या आहेत, त्यांच्यापेक्षा चांगली मला सांगता येणार नाही.

या विषयाला कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. काही महिन्यांपूर्वी ग्रुपवर एक फोटो आला. आपल्यातल्याच एकानं नवीन दुकान थाटलं, गल्ल्याशेजारी काचेची पेटी ठेवली आणि पेटीत तळहाताएवढं हिरवं कासव. फोटोखाली अभिनंदनाचा पाऊस. मग प्रश्न सुरू झाले. तोंड उत्तरेला पाहिजे की पूर्वेला? जिवंत पाहिजे की पितळेचं चालतं? एकीनं तर चीनमधल्या एका कासवाचा व्हिडिओ टाकला. त्या एका कासवाची किंमत हजारो डॉलर! खाली कुणीतरी लिहिलं, "हौ, मग आपण नोकऱ्या कशाला केल्या?" तेव्हा मला विचारलं होतं, प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला तुझा, तू सांग. मी म्हटलं, भेटल्यावर सांगतो. टाइप करण्यासारखं ते प्रकरण नव्हतं.

त्या चिनी व्हिडिओपासून सुरुवात करतो, मग आपल्या गोदावरीवर येतो.

व्हिडिओतलं कासव होतं 'बॉक्स टर्टल' या गटातलं. म्हणजे पेटी-कासव. आपली कंपास पेटी आठवा, झाकणाला मागे बिजागरी असलेली. या कासवांच्या पोटाकडची ढाल मधोमध आडवी दुभंगलेली असते आणि त्या रेषेवर लवचीक बिजागरी असते. धोका वाटला की डोकं, पाय, शेपूट आत, आणि ढालीचे पुढचा नि मागचा असे दोन्ही अर्धे वर उचलून पाठीच्या कवचाला टेकतात. पेटी बंद. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं अवयव आवरून घेणारं कासव आपण पाठ केलं होतं, स्पर्धेत बक्षीसंही घेतली होती. त्या दृष्टांतातलं कासव नुसतं अंग आत ओढतं. हे त्याहून एक पाऊल पुढे जाऊन दार लावून घेतं.

आशियात या गटाच्या डझनभराहून थोड्या जास्त जाती आहेत. चीन, व्हिएतनाम, लाओस, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा पट्ट्यात त्या राहतात. भारतात आसाम-मेघालयाच्या जंगलांत पाठीवर कणे असलेली एक जात आहे. दुसरी एक ईशान्येत आणि थेट निकोबारात मिळते. महाराष्ट्रात एकही नाही, तेव्हा आपल्या दुकानदारानं घाबरू नये.

यांची हकिगत विचित्र आहे. तीन काळ्या पट्ट्यांचं, पिवळसर डोक्याचं एक पेटी-कासव दक्षिण चीनमध्ये औषधी मानलं गेलं. त्याच्या पोटाची ढाल दळून जेली करायची, ती खाल्ली की रक्त शुद्ध होतं, कर्करोगसुद्धा बरा होतो, अशी समजूत. ती खरी असल्याचा काही पुरावा नाही, पण समजुतीला भाव मिळायला पुरावा लागत नाही, हे आपण लिंबू-मिरचीच्या देशातले लोक जाणतो. भाव वाढला, जंगलं रिकामी झाली. कासव दुर्मीळ झालं म्हणून भाव आणखी वाढला. आता ते चीनमध्ये फार्ममध्ये पैदास करून विकलं जातं, आणि जंगलात जवळजवळ दिसत नाही.

दुसऱ्या एका जातीचं तर याहून वाईट. १९९० साली शास्त्रज्ञांनी तिचं नामकरण केलं, ते बाजारात विकत मिळालेल्या कासवांवरून. आजपर्यंत कुणाही शास्त्रज्ञानं ही जात तिच्या घरी, म्हणजे निसर्गात, पाहिलेली नाही. तिचं घर नक्की कुठे, हेच ठाऊक नाही. आणि युन्नान प्रांतातली एक जात २००० साली नामशेष म्हणून जाहीर झाली होती. काही वर्षांनी तिची जिवंत कासवं पुन्हा बाजारातच सापडली. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं हसायची. एखाद्या मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर नाही, पोलिसांच्या पंचनाम्यात मिळावी, तसला हा प्रकार.

नव्वदच्या दशकात चीनमध्ये हातात पैसा आला, व्यापार खुला झाला, आणि आजूबाजूच्या सगळ्या देशांतून कासवांची टनावारी आयात सुरू झाली. १९९९ च्या डिसेंबरात कंबोडियातल्या नॉम पेन्ह इथं जगभरचे कासव-तज्ज्ञ जमले ते याच धास्तीनं. एका देशातली कासवं संपली की व्यापारी पुढच्या देशाकडे वळत होते. ती साखळी बांगलादेशपर्यंत आली होती, आणि बांगलादेशाच्या अलीकडे कोण आहे ते सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. कोट्यवधी वर्षं टिकलेला प्राणी, पाठीवर किल्ला, पोटाला दरवाजा. मग तो आपल्या एका पिढीत असा का कोसळावा?

एक कारण त्या दरवाजातच आहे. कोल्हा आला, मुंगूस आलं, तर पेटी बंद करून बसणं हा उत्तम उपाय. प्राणी थोडा वेळ खटपट करतो, कंटाळतो, निघून जातो. माणूस ती बंद पेटी उचलतो आणि पोत्यात टाकतो. पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही, पोत्यात कित्येक दिवस अन्नपाण्याशिवाय जिवंत राहतं. जी गोष्ट सगळ्या शत्रूंपासून त्याला वाचवत आली, तीच गोष्ट त्याला व्यापाराला सोयीचं करून ठेवते.

दुसरं कारण गणिताचं आहे, आणि गणिताचे सर आज आले आहेत म्हणून जरा जपून मांडतो. पेटी-कासवाची मादी एका खेपेला दोन-तीन अंडी घालते. त्यातली काही घोरपड खाते, पिल्लं निघाली तर बगळे, मासे, कोल्हे टिपतात. जगलं-वाचलं पिल्लू वयात यायला बऱ्याच जातींत दहा-दहा वर्षं लागतात. निसर्गानं हा तोटा असा भरून काढला की मोठी झालेली मादी मरतच नाही, ती तीस-चाळीस वर्षं अंडी घालत राहते. तिच्या सगळ्या आयुष्याच्या अंड्यांतून दोन पिल्लं मोठी झाली तरी हिशेब जुळतो. म्हणजे या व्यवहारात मुद्दल कोणतं? मोठी मादी. आणि बाजाराला काय हवं असतं? वजनदार, मोठं कासव. अंड्यांचं नुकसान एखाद्या वर्षी भरून निघतं, मादी गेली की पुढची तीस वर्षं गेली. सर, बरोबर आहे ना? सरांनी मान हलवली आहे, पुढे जातो.

आता आपल्या गावात येऊ.

शाळेच्या मागच्या अंगाला आड होता, आठवतो? आता तिथं सायकल स्टँड आहे, सायकली मात्र नाहीत, सगळ्या स्कूटी. त्या आडात कासव होतं. शिपाईमामा डबा खाऊन झाला की भाकरीचे तुकडे टाकायचे आणि हिरवट-तपकिरी, थाळीसारखं काहीतरी खालून वर यायचं. एप्रिलात पाणी तळाला जायचं, मे महिन्यात नुसता चिखल, आणि कासव गायब. शाळा उघडली, जूनचे दोन पाऊस झाले की पुन्हा हजर. मुलांमध्ये दोन पक्ष होते. एक म्हणायचा, मामा दर वर्षी नवीन आणून टाकतात. दुसरा म्हणायचा, आडातून एक भुयार थेट पाणचक्कीला जातं. या शहरात मलिक अंबरच्या नहरी असल्यामुळे भुयारवाल्यांना बरीच मतं पडायची. विज्ञानाच्या सरांनी तेव्हा एका वाक्यात निकाल दिला होता, ते कुठंही जात नाही, चिखलात झोपतं. आपल्याला ते फारच नीरस वाटलं होतं.

सरांचं शंभर टक्के खरं होतं. ते कासव म्हणजे इंग्रजीत 'फ्लॅपशेल', आपल्या विहिरी-तळ्यांत सर्रास आढळणारं मऊ पाठीचं कासव. पाणी आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं, शरीराची सगळी कामं मंदावतं आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने तसंच राहतं. मराठवाड्यात राहायचं तर ही विद्या आलीच पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपण माणसं रांगेत उभी होतो. त्या साऱ्या पट्ट्यातल्या आटलेल्या तळ्यांच्या तळाशी ही कासवं शांतपणे मृगाची वाट बघत पडली असणार.

आणि गंमत पाहा, आपल्याकडे पेटी-कासव नाही असं मी मघाशी म्हटलं, पण त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी करामत याच कासवाकडे आहे. याच्या पोटाच्या ढालीला मागच्या बाजूला दोन मऊ झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की त्या झडपा त्यांच्यावर पडतात, आणि पुढचा भाग उचलून तोंडावरचं दार लागतं. घराण्यानं दूरचं, पण युक्ती तीच. चिखलात पडून राहताना ही बंद पेटी त्याला उपयोगी पडत असावी, असं मला वाटतं.

आपण शाळा सोडल्यावर काही वर्षांनी तो आड बुजवला. मुलं पडतील ही भीती रास्त होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो बुजवला मे महिन्यात, पाणी नसताना, कारण काम तेव्हाच सोपं होतं. वरून पाहणाऱ्याला तळाशी कोरडा चिखलच दिसला असणार. अशा कितीतरी विहिरी, बारव, गावतळी आपण गेल्या चाळीस वर्षांत उन्हाळ्यात बुजवल्या. कुणी मुद्दाम काही केलं नाही. सरांचं ते एक वाक्य माहीत असलेला कुणी कठड्यापाशी उभा नव्हता, एवढंच.

या कासवाच्या पायांकडे पाहिलंत तर प्रत्येक पायाला तीनच नखं दिसतात. मऊ पाठीच्या सगळ्या कासवांचं ते घराण्याचं लक्षण, पूर्वी त्यांचं शास्त्रीय नावच 'तीन नखांचं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून होतं. चार पाय, बारा नखं. हे सांगतोय कारण वर्तमानपत्रात अधूनमधून 'वीस नखी कासव' विकताना टोळी पकडल्याची बातमी येते. वीस नखांचं कासव पुढ्यात ठेवून मंत्र म्हटले की पैशांचा पाऊस पडतो म्हणे. टणक पाठीच्या बहुतेक कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. म्हणजे वीस नखं हा अपवाद, आणि अपवाद शोधायला शेकडो कासवं पकडून पाहावी लागतात. ज्यांची नखं कमी भरली, त्यांचं पुढं काय होत असेल याचा विचार करा. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याआधी १९७२ पासून वन्यजीव कायदा आहेच. दोन-दोन कायदे असूनही हा धंदा चालतो, कारण गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक अडाणी असतं असं नाही, चांगली शिकलेली माणसंही त्यात सापडतात.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो, त्या कासवाकडे येतो. बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल.

आडातलं कासव थाळीएवढं. त्याचा एक मोठा भाऊबंद गोदावरीत राहतो. परातीएवढा, पाठ दोन फुटांच्या आसपास भरते. पाठ हिरवट, कातड्यासारखी गुळगुळीत. नाक पुढे नळीसारखं निघालेलं, म्हणजे सगळं अंग वाळूत पुरून नुसती नळी पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायला मोकळा. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके असतात, मोरपिसावरच्या डोळ्यांसारखे. वाढत्या वयाबरोबर ते पुसट होत जातात. गोदावरी, कृष्णा, कावेरी आणि त्यांच्या उपनद्या एवढंच त्याचं जग. दख्खनच्या पठाराबाहेर, भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते जगात कुठेही नाही.

त्याचं नाव लीथचं कासव. १८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याकडून मिळालेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतल्या डॉ. लीथ यांचं नाव त्याला दिलं. म्हणजे कासव मराठी मुलखाचं, नाव इंग्रज डॉक्टरचं. आपल्या भाषेत त्याला वेगळं, सर्वांना माहीत असलेलं नाव नाही, छोटं-मोठं सगळं 'कासव'च. मला हे खटकतं. ज्वारीच्या, आंब्याच्या जातींना आपण किती नावं दिली. ज्याला नाव नाही ते नाहीसं झालं तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

आणि ते नाहीसं होत आहे. गेल्या तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली असावी असा अंदाज आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेनं, म्हणजे आययूसीएननं, त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकलं आहे. त्याच्या पुढची पायरी फक्त निसर्गातून नष्ट होण्याची. मघाची चिनी पेटी-कासवं ज्या बाकावर बसली आहेत, त्याच बाकावर आपलं गोदावरीचं कासव बसलेलं आहे. त्यांच्यावर व्हिडिओ निघतात, याच्यावर निघत नाही.

कारणं पुष्कळ आहेत. मांसासाठी पकडलं जातं. मऊ पाठीच्या कासवांच्या कवचाच्या कडेला सरसासारखी झालर असते, ती कापून, उकळून, वाळवून चोरट्या मार्गानं परदेशात सुपासाठी पाठवतात. पेटी-कासवाची कठीण ढाल बाजाराला हवी होती, याची मऊ झालर हवी आहे. कठीण असून सुटका नाही, मऊ असूनही नाही. शिवाय वाळू. या कासवांना अंडी घालायला नदीकाठची मोकळी वाळू लागते. गोदाकाठी रात्री वाळूचे हायवा कसे पळतात हे मी पैठण, गंगापूर, अंबड भागातल्या मंडळींना सांगायला नको. वाळू गेली की पुढची पिढी कुठे घालायची? मोठी कासवं नदीत काही वर्षं दिसत राहतात, माणसं म्हणतात, आहेत की अजून. ती म्हातारी कासवं असतात.

आपल्या नाथसागराचंही सांगतो. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. आपण चौथी-पाचवीत असताना सहल गेली होती, दरवाजे मोजायचे होते, सत्तावीस. १९८६ मध्ये तिथं पक्षी अभयारण्य झालं. हिवाळ्यात आजही शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन रोहित बघायला जातात. मीही जातो. एवढ्या दुर्बिणींतली एकही पाण्याखाली बघू शकत नाही, ही अडचण आहे. पक्षी पाण्यावर असतो, थव्यानं असतो, फोटो देतो. कासव नाकाची नळी तेवढी वर काढतं.

काही वर्षांपूर्वी मी पैठणला काठावर जाळी सुकवत बसलेल्या म्हाताऱ्या भोई मंडळींशी दोन दिवस बोललो. लहान कासव जाळ्यात येतं, ते सोडून देतो असं त्यांनी सांगितलं. मोठ्या मऊ कासवाचा विषय काढला की प्रत्येकाच्या बोलण्यात वडील किंवा आजोबा यायचे. त्यांनी पाहिलेलं कासव नेमकं लीथचंच, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, शास्त्राची ती रीत नाही. पण मोठ्या कासवाची गोष्ट भूतकाळात सांगितली जाते आहे, एवढं मी कानांनी ऐकलं.

चांगली बातमीही आहे, ती दडवून ठेवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली. वन्यप्राण्यांचा देशोदेशींचा व्यापार या करारानं चालतो. तिथं भारतानं प्रस्ताव मांडला की लीथच्या कासवाला पहिल्या परिशिष्टात घ्यावं. तो मंजूर झाला. म्हणजे वाघाला, हत्तीला जे संरक्षण तेच आता याला, आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्याआधी २०१९ मध्ये पेटी-कासवांच्या दोन जाती आणि आपलं चांदणीच्या नक्षीचं स्टार कासव त्याच परिशिष्टात गेलं होतं. पनामामध्ये गोदावरीच्या कासवावर निर्णय झाला आणि आपल्या शहरात त्याची फारशी चर्चाही झाली नाही. मी त्या आठवड्यात ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली तीन 'नमस्कार' आले आणि एक 'गुड मॉर्निंग'.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कासवाला मान आहे. आहे ना. कुठल्याही देवळात जा, गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे जातो. वेरूळच्या सहलीत कैलास लेण्याच्या प्रांगणातलं तीन नद्यांचं मंदिर दाखवलं होतं. गंगा मगरीवर, यमुना कासवावर, सरस्वती कमळावर. ज्या कारागिरांनी ते कोरलं त्यांना नदी म्हणजे पाणी अधिक पाण्यातला प्राणी, हे ठाऊक होतं. आपल्या संतांनी कासवीच्या नजरेचा दृष्टांत किती वेळा दिला आहे. आई काठावरून नुसतं बघते आणि त्या बघण्यावर पिल्लं वाढतात. दृष्टांत म्हणून तो मला फार आवडतो. प्राणिशास्त्राचा मास्तर म्हणून सांगायला हवं, की मादी वाळूत अंडी घालून, खड्डा बुजवून निघून जाते. पिल्लांवर कुणाचीच नजर नसते.

कोकणात समुद्री कासवांना ती नजर मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये काम सुरू केलं. पूर्वी अंडी गोळा करून खाणारं गाव आज कासव महोत्सव भरवतं, लोकांना घरी जेवायला-राहायला ठेवतं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळालं. आपल्यातले निम्मे जण पिल्लं समुद्रात जाताना बघायला वेळासला जाऊन आले आहेत, फोटो ग्रुपवर आहेत. शंभर टक्के जावं. पण शेकडो किलोमीटरवरच्या कासवाला निरोप द्यायला जाणाऱ्यांनी पन्नास किलोमीटरवर पैठणला काय आहे, हेही विचारावं.

आता दुकानातली काचेची पेटी. मालक पहिल्या रांगेत आहे, मघापासून हसतो आहे. मी त्याच्या दुकानात जाऊन पाहून आलोय. डोळ्यामागे लाल पट्टा, म्हणजे ते अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं कासव. आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत ते देशी कासवांसारखं नाही, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानांत उघड मिळतं. घेताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. नीट खायला घातलं तर फूटभर होतं आणि तीस वर्षं जगतं. मित्रा, आपलं वय आता पंचावन्न. हिशेब तू कर, आणि मुलाला आत्ताच सांगून ठेव.

ते पाळायचं तर मोठी टाकी, ऊन खायला कोरडा दगड आणि दर आठवड्याला पाणी बदलणं, एवढं करावं लागेल. उत्तर-दक्षिण कशीही ठेव, कासव ऊन येतं तिकडे तोंड करतं. पण कंटाळा आला, वास येऊ लागला, म्हणून एका रविवारी पुण्य समजून सलीम अली सरोवरात किंवा नाथसागरात सोडू नकोस. हे कासव जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर जीवांच्या यादीत आहे. ते आपल्या कासवांचं अन्न, उन्हाची जागा, सगळं बळकावतं. सोडणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो. त्याच चांगल्या हेतूनं काही जण मासळी बाजारातून कासव विकत घेऊन नदीत सोडतात. विकणाऱ्याच्या हातात पैसे पडले की तो दुसऱ्या दिवशी आणखी दोन आणतो.

कुणाच्या घरी, शेतावरच्या हौदात, मामाच्या गावच्या विहिरीतून आणलेलं देशी कासव असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. आडातलं ते मऊ कासव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवणं हा तुरुंगापर्यंत जाणारा गुन्हा आहे. घाबरवायला सांगत नाही. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, फोन करा, सोपवा. फोन करायला संकोच वाटला तर मला सांगा, मी बरोबर येतो. आतापर्यंत चार घरांत गेलोय, चहा मिळतो. आणि गावाकडे विहीर, बारव, तळं बुजवायचं किंवा गाळ काढायचं ठरलं, तर यंत्र उतरवण्याआधी एक दिवस दोन माणसं तळाशी पाठवा. गाळ हातानं उकरून बघायला सांगा. आपल्यापैकी तिघे सरपंच राहिले आहेत, दोघे ठेकेदार आहेत. तुमच्या एका शब्दावर हे होईल, माझ्या भाषणानं होणार नाही.

शेवटचं एक काम आहे, ते सगळ्यांना. आपल्यातले पुष्कळ जण गोदाकाठच्या गावांतले. घरात १९९० च्या आधीचे फोटो असतील, नाथषष्ठीच्या यात्रेचे, नदीवरच्या लग्नाचे, पुराचे, मासेमारीचे. त्यात कुठे कासव दिसतं का बघा. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारा, मोठं कासव शेवटचं कधी पाहिलं, कुठल्या डोहात, पाठीवर ठिपके होते का, आणि तुमच्याकडे त्याला काही वेगळं नाव होतं का. ते नाव मला हवंच आहे. मी एक वही केली आहे, गावाप्रमाणे पानं पाडली आहेत. नेवरगाव, कायगाव, पैठण, आपेगाव, शहागड अशी. बहुतेक पानं कोरी आहेत. जेवणाच्या मांडवात उजवीकडे, पाण्याच्या पिंपाशेजारी मी ती घेऊन बसणार आहे. ज्यांना आत्ता काही आठवतंय त्यांनी जिलबीच्या आधी यावं, नंतर मला झोप येते.

घंटा वाजली.